शीर नव्हे, स्नायू

बाबा थंडीत गेले. होळीच्या आसपास त्यांचा उजवा हात कुरियरने घरी आला.

लांबट पुठ्ठ्याचा खोका होता. आत करड्या रंगाची बाही, दंडाच्या वरच्या टोकापासून थेट बोटांच्या पेरांपर्यंत जाणारी, हातमोजा जोडून शिवल्यासारखी. खोक्यावर पाठवणाऱ्याच्या जागी ‘हस्तांतर, पुणे’ असं छापलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत : ‘य. तारळेकर. उजवा हात. धडा : बाहूचे स्नायू. अप्रकाशित.’

आईने ते दोनदा वाचलं. मग हे ठेवायचं कुठे, असं मला विचारलं. देव्हाऱ्यापाशी ठेवणं तिला प्रशस्त वाटेना, कपाटात कोंबवेना. शेवटी खोका जेवणाच्या टेबलावरच राहिला आणि आम्ही दोघी ओट्याशी उभ्यानेच जेवलो.

बाबा मिरजेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात चित्रकार होते. असं एक पद असतं हे बहुतेकांना माहीत नसतं. विच्छेदनाच्या खोलीत टेबलाशी उभं राहायचं आणि समोर जे उघडलं आहे ते विद्यार्थ्यांसाठी कागदावर उतरवायचं. फोटो का काढत नाहीत, असं लोक त्यांना विचारत. ते म्हणत, फोटोला सगळंच सारखं महत्त्वाचं वाटतं, माणसाला तसं वाटून चालत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना ते चित्रकलाही शिकवायचे. हात एकदा नीट काढलास की जन्मात विसरणार नाहीस, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

मी वैद्यकाची पुस्तकं मराठीत आणते. मराठीतून डॉक्टर होण्याची सोय झाल्यापासून या कामाला खंड नाही. आमच्या शरीररचनेच्या पुस्तकातली सगळी चित्रं बाबांची होती. फक्त बाहूचं चित्र राहिलं होतं, कारण त्याची पाळी येईपर्यंत बाबांच्या हातात पेन्सिल राहत नव्हती. त्यांच्या चेतापेशी एकेक करून मरत होत्या. आधी अंगठा गेला, मग हात, मग गिळणं, मग श्वास. प्रकाशकांनी ते एक चित्र यंत्राकडून काढून घेऊ असं सुचवलं. मी थोडी मुदत मागितली. मला ते बाबांच्या हातचं हवं होतं, आणि त्यांचा हात पुण्यात शिल्लक होता.

तो कसा शिल्लक राहिला ते सांगायला हवं.

स्नायू आखडतो तेव्हा त्याच्यात अगदी क्षीण वीज खेळते. कोणता स्नायू, त्यातले किती धागे, कोणत्या क्रमाने आणि किती जोराने, हे सगळं कातडीवरूनही टिपता येतं. हस्तांतरच्या बाहीच्या अस्तरात ठिपक्याएवढे हजारो स्पर्शक असतात. निष्णात माणसाने ती घालून काम केलं की त्याच्या हाताची सगळी वीज नोंदली जाते. मग तीच बाही शिकणाऱ्याने घालायची. आता तेच ठिपके उलटं काम करतात : नोंदलेली वीज त्याच क्रमाने शिकणाऱ्याच्या स्नायूंत सोडतात. हात आपोआप हलतो. सुरुवातीला कुणीतरी मनगट धरून गिरवून घेतंय असं वाटतं. काही आठवड्यांनी मेंदू ती चाल आपली म्हणून धरतो आणि बाही काढली तरी हात तसाच चालतो. तबलजी, शल्यविशारद, पैठणी विणणारे, सगळ्यांचे हात आता असे मिळतात. बाबांचेही मिळतात. देशभर किती मुलं त्यांच्या हाताने मणका आणि कवटी काढायला शिकली, कोण जाणे.

बाहूचा धडा मात्र बाहेर आला नव्हता. हस्तांतरच्या कार्यालयातल्या बाईंनी मला फोनवर कारण सांगितलं. तपासणाऱ्या तज्ज्ञांना त्यात दोन चुका सापडल्या होत्या. मनगटातली एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, काढलेलीच नव्हती. आणि अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो खपाटीला गेलेला दाखवला होता.

“आम्ही सरांना विचारलं, परत करून देता का,” त्या म्हणाल्या. “तर म्हणाले, जे आहे तेच काढलंय. मग आम्ही तो बाजूलाच ठेवला. आणि एक सांगते, बाकीच्या धड्यांतला गोंगाट, म्हणजे नको असलेली वीज, आम्ही काढून टाकतो. हा कच्चाच आहे. थोडं बोचेल तुम्हाला.”

मला चुकांची फिकीर नव्हती. कंडरा मागाहून काढता आली असती, उंचवटाही भरता आला असता.

पहिल्यांदा बाही घातली ती एका सकाळी, खिडकीपाशी, बाबांच्याच उतरत्या फळ्यावर कागद लावून. आई समोर मटार सोलत बसली होती. मी बटण दाबलं. काही वेळ काहीच झालं नाही. मग माझा हात उठला, पेन्सिलचं टोक कागदापासून बोटभर अंतरावर आलं आणि हवेतच एक लांब रेघ फिरली, खांद्यापासून मनगटापर्यंत. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी टेकली.

“हो,” आई म्हणाली. “आधी हवेत.”

 मटाराचे दाणे आणि सालं एकाच भांड्यात पडत होती.

चित्र कसं काढायचं हे मला बाबांनी शब्दांत पूर्वी सांगितलं होतं, पण माझ्या हाताला ते कधी कळलं नव्हतं. आता कळू लागलं. आधी हाडं, अगदी पुसट. मग प्रत्येक स्नायू कुठून निघतो आणि कुठे जाऊन धरतो ती दोन टोकं. स्नायू ढकलत नाही, फक्त ओढतो. त्यामुळे टोकं बरोबर असली की मधला फुगवटा कुठे येणार हे ठरूनच जातं. दंडाची बेटकुळी सगळ्यांना काढता येते. बाबा वर्गात तिची थट्टा करायचे, याला दोन डोकी आहेत, पण अक्कल किल्ली फिरवण्याइतकीच. खरी परीक्षा कोपराखाली असते. तिथे एक स्नायू दंडाच्या बाहेरच्या बाजूने निघून पीळ घेत अंगठ्याकडे येतो, आणि त्या पिळामुळे सगळा हात वळल्यासारखा दिसतो. तो चुकला की हात लाटण्यासारखा होतो. माझ्या हाताने तो पीळ एका दमात घेतला. मनगटाने नाही, खांद्यापासून. मग धाग्यांच्या दिशेने बारीक रेघा, दाबत नेऊन टोकाला सोडून दिलेल्या. रेघ जाड होत जाते आणि पुन्हा बारीक होत हवेत विरते. त्या एका सोडण्यात बाबा होते. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी बाही बंद केली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.

बाही खरंच बोचत होती. मधूनमधून अंगठ्याच्या मुळाशी एक फडफड व्हायची, कातडीखाली लहानसा किडा वळवळल्यासारखी. कच्च्या नोंदीतला गोंगाट तो हाच असणार, असं मी धरून चालले.

आणखी एक गोष्ट होती. दोन रेघांच्या मध्ये, विसाव्याच्या वेळी, माझा अंगठा आपोआप जाऊन करंगळीच्या टोकाला भिडायचा आणि मनगट जरासं आत वळायचं. क्षणभर दाब, मग पुन्हा पेन्सिल. ही खूण मला ओळखीची होती. बाबा दर वर्षी नव्या वर्गाला हेच करायला लावत. अंगठा करंगळीला टेकवा, मनगट वाकवा. बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध एक दोरी ताठ उभी राहते. सहा-सात जणांमागे एकाला ती नसतेच. नसली तरी बिघडत काही नाही. बाबांच्या उजव्या हाताला नव्हती. कारखान्यातूनच एक भाग कमी आलेला माल आहे हा, असं ते मुलांना सांगत आणि वर्ग हसे. माझ्याही उजव्या हाताला नाही. लहानपणी मला त्याचा फार अभिमान होता.

उन्हाळा चढत गेला तसा हात बाहीशिवायही चालू लागला. आमटीत मीठ टाकताना मी तीन बोटांची चिमूट करू लागले, बाबांसारखी. वर्तमानपत्राची घडी त्यांच्यासारखी पडू लागली. आई बघत असे. एकदा ती म्हणाली, कपाळावर हात ठेव जरा, ताप वाटतोय. मी ठेवला. ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हाही नव्हता. त्यानंतर मी तिने विचारायची वाट बघितली नाही. दुपारी ती आडवी झाली की जाऊन कपाळावर हात ठेवायची आणि ती डोळे मिटून घ्यायची. कुणाचा हात हे आम्ही बोललो नाही.

चित्र पुरं झालं त्या दिवशी मी बाही काढून फळ्यासमोर बसले आणि ते पहिल्यांदाच निवांतपणे पाहिलं. तज्ज्ञांचं बरोबर होतं. मनगटात ती दोरी नव्हती. तिच्या जागी रिकामेपण होतं, पण विसरल्यासारखं नव्हे. शेजारच्या दोन कंडरा मध्ये मोकळी जागा सापडली की जशा किंचित सरकतात, तशा सरकलेल्या होत्या. मी माझा हात कागदाशेजारी ठेवला. तंतोतंत.

म्हणजे बाबांनी पुस्तकातला हात काढलाच नव्हता. आयुष्यभर सर्वसाधारण माणसाचा हात काढल्यावर या एका धड्यात त्यांनी स्वतःचा काढला होता. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. शेवटी एकदा स्वतःचं चित्र काढावंसं वाटलं असेल, असं मनात आलं. अंगठ्याखालची ती खपाटीला गेलेली जागा मी पाहिली, पण तिच्यावर थांबले नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी आम्ही चहा घेत होतो. बाही खोक्यात होती. माझा हात टेबलावर, कपाशेजारी. आई बशीत चहा ओतता ओतता थांबली.

“शीर उडतेय तुझी,” ती म्हणाली.

“शीर नव्हे, स्नायू,” मी म्हणाले.

हे मी कुठल्याही पानाच्या समासात लिहिलं असतं. शीर हा शब्द आम्ही पुस्तकातून हद्दपार केला आहे. रक्त नेते तीही शीर, मेंदूचा निरोप आणते तीही शीर, हाडाला बांधते तीही शीर. डॉक्टरने असा शब्द वापरून कसं चालेल? वाक्य माझ्या तोंडून सवयीने निघालं.

आईने बशी खाली ठेवली.

“हेच,” ती म्हणाली. “हेच म्हणायचे ते. अगदी याच सुरात.”

“कधी?”

“ती बाही चढवून चित्रं काढायला पुण्याला जायचे ना, तेव्हा. झोपेत हात उडायचा. मी म्हणायची, अहो, शीर उडतेय, दाखवा कुणालातरी. शीर नव्हे, स्नायू, एवढं म्हणायचे आणि कूस बदलायचे. मला वाटायचं, सवयच आहे, माझा शब्द चुकला म्हणून लागलंय त्यांना.” ती जराशी हसली. “मी पण हट्टाने शीरच म्हणत राहिले.”

मी माझ्या हाताकडे पाहत होते. अंगठ्याच्या मुळाशी कातडी उचलली जात होती, थांबत होती, पुन्हा उचलली जात होती. बाही खोक्यात होती. आणि मग सगळं एकापाठोपाठ एक आलं. तो गोंगाट नव्हता. ती खूणही वर्गाची नव्हती. कंडरा बघायची तर एकदा बघून होते, ती काही उगवणार नसते. अंगठा आणि करंगळी पुन्हा पुन्हा जुळवून दाबतो तो माणूस दुसरंच काही बघत असतो : अंगठ्यात काल होता तेवढा जोर आज आहे का. त्यांनी धड्यातल्या प्रत्येक विसाव्यात तो तपासला होता. खपाटीला गेलेला उंचवटा ही चूक नव्हती. त्यांना दिसत होता तसा काढला होता. हा धडा नोंदवला गेला त्यानंतर दीड वर्षाने डॉक्टरांनी आम्हाला आजाराचं नाव सांगितलं, आणि तेव्हा बाबा आमच्याइतकेच चकित झाल्यासारखे दिसले होते.

डॉक्टर नाझनीन मुजावर बाबांच्या विद्यार्थिनी होत्या. बाबांच्या आजारपणात उपचार त्यांनीच केले होते. मी चित्र गुंडाळून सोबत नेलं. त्यांनी ते टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांवर हाताला लागेल ते ठेवलं आणि त्यावर वाकल्या.

मग त्यांनी सांगितलं की हा धडा नोंदवला गेला त्या सुमाराला सर त्यांच्याकडे एकदा आले होते. एका विद्यार्थ्याबद्दल विचारत होते. त्याचा हात उडतो, अंगठा उतरत चाललाय, तर या आजारावर आलेलं ते नवं औषध त्याला देता येईल का. देता येईल, लगेच द्यायला हवं, असं त्या म्हणाल्या होत्या. मग सरांनी विचारलं, तो चित्रकार आहे, औषधानंतर त्याला रेघ काढता येईल का.

“तुम्ही काय सांगितलं?”

“खरं ते. चमचा धरता येईल, शर्टाची बटणं लावता येतील, सही करता येईल. रेघ नाही. ते म्हणाले, बरं, सांगतो त्याला.” त्यांनी चष्मा काढला. “मी चार दिवसांनी फोन केला, त्या मुलाला घेऊन या म्हणून. म्हणाले, तो विचार करतोय. ऋजुता, मी सरांच्या हाताकडे बघितलंच नाही हो. त्यांचा हात मी पंधरा वर्षं बघत होते.”

ते औषध कसं काम करतं हे मी भाषांतरित केलेलं आहे. या आजारात चेतापेशी मरण्याआधी भरमसाट पेटतात, नको तेव्हा निरोप पाठवत राहतात. उडणारा स्नायू म्हणजे तो अवेळी आलेला निरोप. औषध त्या पेशींना दामटून गप्प बसवतं, आणि त्या जगतात. पण ते ओरडणाऱ्या आणि कुजबुजणाऱ्या पेशींत फरक करत नाही. नाजूक काम कुजबुजणाऱ्या पेशी करतात. त्या गप्प झाल्या की हात चालतो, पण पायरीपायरीने. पेन्सिलीवरचा दाब असतो किंवा नसतो, त्याच्या मधलं काही उरत नाही. आणि एकदा स्नायू पुरते वाळले की मग औषधाचा उपयोग नाही. बाबांचं निदान झालं तेव्हा ती वेळ टळून गेली होती. कवटी, पाठ, पाय, चेहरा हे सगळे धडे त्यांनी मधल्या त्या दीड वर्षात नोंदवले होते.

आता प्रश्न माझा होता. बाबांचा जनुकीय दोष माझ्याकडे आला आहे हे आम्हाला त्यांच्या आजारपणातच कळलं होतं. तो ज्यांच्यात असतो त्यांतल्या निम्म्यांना आजार कधीच होत नाही, म्हणून मी ते बाजूला ठेवून दिलं होतं. डॉक्टरांनी माझ्या हातात सुया घालून तपासणी केली आणि पडद्याकडे पाहत राहिल्या.

अडचण अशी होती की माझ्या चेतांना बाबांच्या चेतांची चाल शिकवली गेली होती, तीही कच्ची, फडफडीसकट. पडद्यावर जे दिसत होतं ते बाबांच्या आजाराचं होतं याबद्दल शंका नव्हती. पण ते माझ्या हाताने पाठ केलेलं होतं की माझ्या हाताला झालेलं, हे सांगता येत नव्हतं. पाठ केलेलं असेल तर बाही बंद ठेवल्यावर दिवाळीपर्यंत उतरेल. झालेलं असेल तर दिवाळीपर्यंत अंगठा उतरेल.

“उत्तर मिळेल,” डॉक्टर म्हणाल्या. “पण ते मिळेपर्यंत त्याचा उपयोग संपलेला असेल.”

“आणि आजच औषध सुरू केलं तर?”

“तर दोन्ही गप्प होईल. तुमचं असलं तरी, सरांचं असलं तरी.”

मी चित्राकडे बोट दाखवून विचारलं की हे पुन्हा काढता येणार नाही ना. त्यांनी मान हलवली. त्यांनी मला काही सुचवलं नाही. एकदा विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देऊन त्यांनी एक माणूस गमावला होता, आणि आता त्या शब्द मोजून वापरत होत्या.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. बाबांना माहीत होतं, हेही. सांगू नये असं वाटेत ठरवलं होतं, पण ती दारातच उभी होती आणि तिने माझ्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहिलं, तेव्हा लपवण्यात अर्थ उरला नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ कुकरच्या झाकणाचा आवाज येत राहिला, ते तिला बसवता येत नव्हतं. मी उठून आत गेले तर ती झाकण तसंच हातात धरून उभी होती.

“चित्रासाठी,” ती म्हणाली. “मला वाटायचं, हा माणूस माझ्याशी एका शब्दावरून भांडतोय. आणि तो ठरवत होता.” मग माझ्याकडे वळून, “तू काय करणार आहेस?”

मी म्हणाले, मला माहीत नाही. आणि ते खरं होतं. मला कुणाला सांगता येणार नाही अशी गोष्ट होती ती. बाबांचा राग येत होता, आणि रागाने ज्या हाताची मूठ वळावी तो हातही त्यांचाच होता. औषध घेतलं तर तो पुन्हा जाणार होता. या वेळी मी घालवलेला.

“मला कपाळावर हात नको,” आई म्हणाली. “त्याच्याशिवाय चालेल मला. ऐकलंस?”

तिने झाकण खाली ठेवलं.

“मला तू हवीस, ऋजू. हात कसलाही असू दे.”

पुस्तकासाठी सर्वसाधारण हात हवा होता, सगळ्या दोऱ्या असलेला, भरलेल्या अंगठ्याचा. दुसऱ्या दिवशी मी बाही न घालता बसले आणि माझ्यात आलेल्या बाबांच्या हाताने ते चित्र नव्याने काढलं. पीळ आला. रेघा सुटल्या. मनगटाशी आल्यावर हात थबकला. या धड्यात ती कंडरा नव्हतीच, त्यामुळे त्याला ती येत नव्हती. अंगठा करंगळीकडे जाऊ लागला. मी त्याला जाऊ दिलं नाही. मग ती एक दोरी आणि तो एक उंचवटा मी माझ्या हाताने काढले, जसे जमले तसे. छापलेल्या चित्रात ते दिसतात. रेघ तिथे एकसारखी जाड आहे, सुटत नाही. विद्यार्थ्यांना कळणार नाही. आईला लगेच कळलं, पण ती म्हणाली, बरं आलंय.

बाबांचं चित्र मी फेकलं नाही. ते चेतांच्या आजाराच्या प्रकरणात घातलं. खाली मजकूर हवा होता, तो मी लिहिला. अंगठ्याच्या मुळाशी स्नायूक्षय, प्रारंभीची अवस्था. मनगटातली कंडरा जन्मतः नाही, तिचा आजाराशी संबंध नाही. चित्र रुग्णाने स्वतः काढलेले. आणि त्याखाली : ‘रुग्ण किंवा घरचे लोक याला शीर उडणे असे म्हणतात. त्यांचा शब्द दुरुस्त करू नये. हात पाहावा.’

मुद्रितं तपासून आली तेव्हा कुणीतरी ‘शीर’ या शब्दाभोवती लाल गोल केला होता आणि समासात प्रश्नचिन्ह. तिथे मी लिहिलं, ‘असू द्यावे.’ एवढ्या वर्षांत माझ्या हाताने हे दोन शब्द किती वेळा लिहिले असतील. त्या दिवशी ते लिहिताना अक्षरं पायऱ्यापायऱ्यांची आली, कारण तोवर मी गोळ्या सुरू केल्या होत्या.

बाही परत पाठवली. हस्तांतरच्या बाईंना मी चित्रामागचं सगळं कळवलं, आणि त्यानंतरच्या धड्यांमधून ज्याला ते गोंगाट म्हणून गाळतात त्याकडे एखाद्या डॉक्टरला बघू द्या, असंही. त्यांनी नम्र उत्तर पाठवलं. सरांचे बाकीचे धडे अजून मिळतात, शुद्ध केलेले. त्यात काही उडत नाही. फक्त जी मुलं त्यांच्या शेवटच्या धड्यांवरून शिकली ती लांब रेघ मनगटाऐवजी खांद्यातून काढतात, आणि त्याला आता तारळेकर पद्धत म्हणतात. अंगठा धरेनासा झालेल्या माणसाने शोधलेली वाट आहे ती, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

माझा हात शांत आहे. कप धरतो, कुलूप उघडतो. मीठ आता मी चमच्याने घालते. दिवाळी आली आणि गेली. अंगठा उतरलेला नाही, पण तो औषधामुळे उतरला नाही की उतरणारच नव्हता, हे सांगायला आता कोणतीही तपासणी उरलेली नाही. ती फडफड माझी होती की बाबांची, हे मला मरेपर्यंत कळणार नाही.

रोज सकाळी चहा ओतण्याआधी आई माझा उजवा हात आपल्या हातात घेते आणि अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवून थांबते.

“उडते का?” मी विचारते.

“नाही,” ती म्हणते.

आणि तरी हात लगेच सोडत नाही.